पाण्यावर ओढलेल्या रेघा

२०१८ साली कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यापासून दूर, डेव्हिडसन नावाच्या समुद्रात बुडालेल्या पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर संशोधकांचे दूरनियंत्रित यान फिरत होते. त्याच्या दिव्यांच्या उजेडात खडकाच्या सांदीसांदीत बसलेल्या ऑक्टोपसच्या माद्या दिसू लागल्या. आधी एकदोन, मग दहावीस, मग उजेड वळेल तिकडे माद्याच माद्या. भुजा उलट्या वळवून त्यांनी स्वतःलाच गुंडाळून घेतले होते आणि त्या आवरणाखाली अंडी राखली होती. पुढे काही वर्षे चाललेल्या अभ्यासातून या एका टेकडीवर वीस हजारांवर ऑक्टोपस असावेत असा अंदाज निघाला. इतक्या खोल, अंधाऱ्या, गोठवणाऱ्या पाण्यात एवढी गर्दी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्राण्यांच्या स्वभावात सापडले नाही. ते सापडले खडकात.

भोवतालच्या पाण्याचे तापमान अवघे १.६ अंश सेल्सिअस होते. माद्या ज्या भेगांना चिकटून बसल्या होत्या त्यांतून मात्र कोमट पाणी पाझरत होते, काही ठिकाणी १० अंशांच्या आसपास. भोवतालच्या थंडीत अशी अंडी फुटायला पाच ते आठ वर्षे, कदाचित त्याहूनही अधिक काळ लागावा असा हिशेब होता. इथे ती दोन वर्षांच्या आत फुटत होती. अंडी राखणारी मादी त्या सगळ्या काळात काही खात नाही आणि पिल्ले बाहेर पडली की तिचे आयुष्य संपते. म्हणून अंडी जितके कमी दिवस उघड्यावर राहतील, तितकी ती भक्षकांच्या तोंडून वाचून पिल्ले होण्याची शक्यता अधिक. भेगेतली ती ऊब म्हणजे या प्राण्यांच्या वंशाचा आधार आहे.

ही ऊब येते ती समुद्रतळाच्या रचनेतून. डेव्हिडसन हा साधारण दीड ते एक कोटी वर्षांपूर्वी घडलेला आणि आता विझलेला ज्वालामुखी आहे. खोल समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी बारीक गाळाच्या थराने झाकलेला असतो आणि हा थर गोधडीसारखा खालची उष्णता धरून ठेवतो. जिथे ज्वालामुखीचा खडक ही गोधडी फाडून वर आलेला असतो, तिथे समुद्राचे पाणी भेगांतून आत शिरते, कवचाच्या आत फिरता फिरता तापते आणि दुसऱ्या उघड्या खडकातून बाहेर पडते. गाळाचा थर अखंड असता तर इथे ना ऊब बाहेर आली असती, ना अंडी चिकटवायला दगड मिळाला असता.

हे उदाहरण मी एवढे सविस्तर सांगितले, कारण संरक्षित सागरी क्षेत्रांविषयी जगभर चाललेल्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट मागे पडते आहे असे माझे मत आहे. नकाशावर निळ्या रंगात एक चौकोन आखला जातो, त्याचे क्षेत्रफळ जाहीर होते आणि तेवढा समुद्र राखला असे मानले जाते. त्या चौकोनाखाली काय आहे, खडक आहे की चिखल, कडा आहे की सपाटी, वाळू जाड आहे की बारीक, हा प्रश्न विचारलाच गेला तर सर्वांत शेवटी. जमिनीवर असे कोणी करणार नाही. डोंगर, नदी, पठार यांचा विचार न करता कोणी अभयारण्य आखले तर त्याला वेड्यात काढतील. समुद्राच्या बाबतीत मात्र वरचे पाणी सगळीकडे सारखेच दिसते, आणि ते दिसणे आपल्याला फसवते.

तळाचा आणि जिवांचा संबंध किती सूक्ष्म असू शकतो, हे पाहायला खोल समुद्रात जाण्याचीही गरज नाही. उत्तर समुद्रात डॉगर बँक नावाचा वाळूचा विस्तीर्ण उथळ उंचवटा आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा तो बनलेला आहे आणि समुद्राची पातळी खाली होती तेव्हा तो कोरडी जमीन होता. तिथे सँडईल नावाचा बोटाएवढा बारीक, लांबट मासा राहतो. वसंतात आणि उन्हाळ्यात तो दिवसा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खायला वर येतो. रात्री आणि हिवाळ्याचा बहुतेक काळ वाळूत गाडून घेतो. तो बीळ करत नाही. वाळूच्या कणांमधल्या फटींत जे पाणी असते त्यातूनच त्याला प्राणवायू मिळतो. कण जाडसर असतील तर फटींतून पाणी खेळते. त्यात बारीक गाळ मिसळला की फटी बुजतात आणि माशाला तिथे श्वास घेता येत नाही. म्हणून सँडईल कुठेही राहत नाही. शेजारचा, डोळ्यांना तसाच दिसणारा पण थोडा अधिक चिखलट पट्टा तो टाळतो. पफिन आणि किटिवेक हे समुद्रपक्षी आपल्या पिल्लांना मुख्यतः हाच मासा भरवतात, म्हणजे कड्यावरच्या घरट्यातल्या पिल्लाचे पोट भरणे हे दूर समुद्राच्या तळावरच्या वाळूचा कण किती मिलिमीटरचा आहे यावर येऊन ठेपते.

या डॉगर बँकेच्या इंग्लंडकडच्या भागाला संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली ती त्या वाळूच्या उंचवट्यासाठीच. तरीही तळावरून ओढत न्यायची जाळी तिथे पुढेही वर्षानुवर्षे चालू राहिली. त्यांच्यावर बंदी आली ती २०२२ साली. ज्या वाळूसाठी क्षेत्र राखले, तीच वाळू खरवडण्याची मुभा मधल्या काळात कायम होती. हा एखाद्या खात्याचा हलगर्जीपणा म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही, कारण अनेक देशांच्या संरक्षित सागरी क्षेत्रांत तळ खरवडणारी मासेमारी आजही कायदेशीर आहे. संरक्षण पाण्याच्या पृष्ठभागावर आखले जाते आणि तळापर्यंत उतरत नाही, त्याचा हा सरळ परिणाम आहे.

तळाचा उतार आणि आकार पाण्याला कसा वळवतो, हा याच विषयाचा दुसरा भाग. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात, किनाऱ्यापासून काहीशे मीटरवरच, एक प्रचंड सागरी घळई सुरू होते आणि खोल समुद्रापर्यंत जाते. काही ठिकाणी तिच्या काठापासून तळापर्यंतची उंची सुमारे १,७०० मीटर आहे. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यामुळे खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते हे त्या सगळ्या किनाऱ्याचेच वैशिष्ट्य. पण घळईमुळे खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन पोचते आणि तिच्या काठाकाठाने क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जिवांचे दाट थवे जमतात. निळे आणि कुबड असलेले देवमासे तिथे चरायला येतात ते या काठांच्या आधाराने. शिवाय ही घळई स्थिरही नाही. वाळू आणि चिखल मिसळलेले पाण्याचे लोट तिच्यातून अधूनमधून कोसळत जातात. २०१६ साली अशा एका लोटाने संशोधकांनी तळावर ठेवलेली ८०० किलो वजनाची पोलादी चौकट कित्येक किलोमीटर खाली वाहून नेली. असे लोट किनाऱ्याजवळचा सेंद्रिय माल खोलवर नेऊन टाकतात, आणि ज्या अंधारात वरून अन्नाचा अगदी बारीक भुगाच काय तो पडत असतो, तिथल्या जिवांना तो मिळतो. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला, गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या मुखासमोर अशीच एक खोल घळई आहे. तिच्या वरच्या भागात डॉल्फिन आणि देवमासे आढळतात, आणि बांगलादेशाने २०१४ साली तिथले १,७३८ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित जाहीर केले. तो निर्णय मला विशेष मोलाचा वाटतो, कारण तिथे क्षेत्र पाण्याखालच्या तळाच्या आकाराला धरून निवडले गेले.

जलमग्न पर्वतांची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्लवकातले असंख्य बारीक जीव रात्री वर येतात आणि पहाट होताच भक्षकांपासून लपायला पुन्हा खोल जातात. रात्री प्रवाहाबरोबर ते एखाद्या उथळ शिखरावर वाहून आले, तर पहाटे खाली उतरताना वाट अडते. मध्ये डोंगर असतो. शिखरावरच्या माशांना ते आयते सापडतात. त्यातच पर्वताला वळसा घालताना प्रवाह वेगवान होतो, कड्यांवर गाळ ठरू देत नाही आणि उघड्या खडकाला चिकटून बसलेल्या प्रवाळांपर्यंत व स्पंजांपर्यंत अन्न आणून सोडतो. डेव्हिडसनच्या माथ्यावर, म्हणजे पाण्याखाली साधारण १,२५० मीटरवर, अशी शे-दोनशे वर्षांची प्रवाळाची झाडे उभी आहेत. त्यांना चिखल चालत नाही आणि मऊ तळ चालत नाही. त्यांना धरून ठेवणारा खडक आणि पुसत जाणारे पाणी दोन्ही एकाच जागी लागतात, आणि असा योग समुद्रात फार थोड्या ठिकाणी असतो.

इथे टक्केवारीचा मुद्दा येतो. डिसेंबर २०२२ मध्ये जैवविविधतेविषयीच्या कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्यात जगातल्या देशांनी २०३० पर्यंत किमान ३० टक्के सागरी क्षेत्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. उद्दिष्ट चांगले आहे आणि त्याच्या बाजूने मी आहे. पण टक्केवारी पूर्ण करायचा सर्वांत सोपा मार्ग कोणता, हे कोणत्याही सरकारला शिकवावे लागत नाही. जिथे कोणाचा विरोध नाही, कारण तिथून कोणाला काही काढायचेच नाही, असे विस्तीर्ण, दूरचे, खोल पाणी निवडले की आकडा भरतो. न्यूझीलंडने २००७ साली सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर समुद्रतळावर तळ खरवडणाऱ्या मासेमारीला बंदी घातली. ऐकायला हे क्रांतिकारक वाटते. त्या क्षेत्रांचा प्रस्ताव मात्र मासेमारी उद्योगाकडूनच आलेला होता आणि त्यातला मोठा भाग जाळी पोचणार नाहीत इतका खोल किंवा मासेमारीच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नसलेला होता. ज्या उतारांवर आणि पर्वतांवर जाळी प्रत्यक्षात फिरतात, त्यांना त्या प्रमाणात संरक्षण मिळाले नाही.

पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातही काहीसे असेच घडले. तिथे चार ते सहा हजार मीटर खोलीवर मँगनीज, निकेल, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे तळावर विखुरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने २०१२ साली तिथे नऊ क्षेत्रे खाणकामाबाहेर ठेवली आणि २०२१ मध्ये आणखी चार जोडली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मधल्या भागात आधीच शोधकामाचे करार झालेले असल्याने पहिली नऊ क्षेत्रे बहुतांशी पट्ट्याच्या कडेकडेने गेली. आधी करार आणि मग संरक्षण, असा हा क्रम झाला. तो उलटा हवा होता.

हे गोळे म्हणजे नुसते खनिज आहे असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेकडो किलोमीटर पसरलेल्या मऊ चिखलात कठीण पृष्ठभाग असा तेवढाच असतो. पेरू देशासमोरच्या पॅसिफिकच्या तळावरील खोऱ्यात चार हजार मीटरहून अधिक खोलीवर ऑक्टोपसच्या माद्या मेलेल्या स्पंजाच्या देठाला अंडी चिकटवून राखताना आढळल्या, आणि तो स्पंज वाढलेला होता अशाच एका गोळ्यावर. गोळा नाही तर स्पंज नाही, स्पंज नाही तर अंडी ठेवायला जागा नाही. आणि गोळा वाढतो तो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. १९८९ साली याच खोऱ्यात शास्त्रज्ञांनी खाणकामाचे परिणाम पाहण्यासाठी तळावर नांगर फिरवला होता. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये, ते परत गेले तेव्हा नांगराचे चर नुकतेच पाडल्यासारखे तसेच होते. जंगल तोडले तर काही पिढ्यांत ते परत उभे राहू शकते, अशी आशा तरी करता येते. इथे जे मोडते ते कोणत्याही सरकारच्या, कोणत्याही संस्कृतीच्या आयुष्यात परत येणारे नाही.

स्कॉटलंडच्या वायव्येला, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, १९९८ साली डार्विन माउंड्स या वाळूच्या उंचवट्यांचा शोध लागला. त्यांच्यावर थंड पाण्यातले प्रवाळ वाढलेले होते. दोन वर्षांतच तिथे जाळ्यांचे ओरखडे दिसले. २००३ साली युरोपीय संघाने तातडीने तिथली तळ खरवडणारी मासेमारी बंद केली, आणि त्या काळात एवढी वेगवान कारवाई कौतुकास्पदच होती. पण आठ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा ज्या पूर्वेकडच्या भागाची सर्वाधिक नासधूस झाली होती, तिथे नवे प्रवाळ रुजल्याचे दिसले नाही. जिथे बंदीपूर्वी जाळी फारशी पोचली नव्हती, तिथले शिल्लक होते. बंदीने उरलेले राखले, गेलेले परत आणले नाही. मोडतोड होईपर्यंत थांबून मग संरक्षण देण्याच्या पद्धतीवर याहून कठोर शेरा मला सुचत नाही.

मग करावे काय? याचे उत्तर निदान एकदा तरी मोठ्या प्रमाणावर दिले गेले आहे. ऑस्ट्रेलियाने २००४ साली ग्रेट बॅरियर रीफ उद्यानाची फेरआखणी केली तेव्हा आधी समुद्रतळाचे ७० विभाग पाडले. त्यांतले ३० प्रवाळभित्तींचे होते आणि ४० त्यांच्या मधल्या तळाचे. खोली, गाळाचा प्रकार, प्रवाह आणि तिथले ज्ञात जीव हे सगळे पाहून हे विभाग ठरले, आणि प्रत्येक विभागातला साधारण पाचवा हिस्सा तरी मासेमारीमुक्त राहिलाच पाहिजे असे धोरण ठेवले गेले. मासेमारीमुक्त क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते, ते ३३ टक्क्यांवर गेले. मला त्यातला मोठा आकडा तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे वाटते ते हे, की चित्रात कधी न येणाऱ्या, पर्यटक कधी न पाहणाऱ्या वाळूच्या आणि चिखलाच्या सपाटीलाही तिथे मोजून वाटा मिळाला. टक्केवारी एकूण समुद्राची न धरता तळाच्या प्रत्येक प्रकाराची धरली, की सोपे पाणी निवडून आकडा भरण्याची पळवाट बंद होते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला असा की तळाचा नकाशाच नाही, तर त्यावरून हद्दी कशा आखणार? हे खरे आहे. जगाच्या समुद्रतळाचा चौथ्या हिश्श्याच्या आसपासच भाग सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, नीट मोजला गेला आहे. उरलेल्याचे अंदाज मुख्यतः उपग्रहांवरून आलेले, त्यात मोठे पर्वत दिसतात पण घळईच्या भिंती किंवा वाळूचे उंचवटे दिसत नाहीत. माणसाने प्रत्यक्ष वा कॅमेऱ्यातून पाहिलेला खोल समुद्राचा तळ तर एकूण तळाच्या ०.००१ टक्क्याहूनही कमी आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष हा की आधी मोजावे, मग खाणकामाला आणि जाळ्यांना परवानगी द्यावी. न मोजलेल्या तळावर यंत्र उतरवायला हरकत नाही आणि संरक्षण द्यायला मात्र माहिती अपुरी, हा युक्तिवाद मला मान्य होणार नाही.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा. छोट्या नावांवर हातजाळ्यांनी आणि गळांनी मासेमारी करणाऱ्या माणसाचे पोट या निर्बंधांमुळे मारले जाऊ नये, हे मी पहिल्यांदा म्हणेन. तळाच्या रचनेवरून आखलेली हद्द मात्र त्याच्या फायद्याचीच ठरू शकते, कारण तिच्यात सगळा समुद्र बंद करावा लागत नाही. नेमका कडा, नेमका उंचवटा राखता येतो. वरच्या पाण्यातली, तळाला न लागणारी मासेमारी अनेक ठिकाणी चालू ठेवता येते. डेव्हिडसनच्या परिसरात असाच नियम आहे: तळाला आणि तिथल्या जिवांना धक्का लावण्यास बंदी साधारण ९१४ मीटरच्या खाली लागू होते. वरचे आणि खालचे पाणी एकमेकांपासून तुटलेले नाही, त्यामुळे हा तोडगा सगळीकडे पुरेल असे मी म्हणत नाही. पण विचाराची दिशा ती आहे.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. एकाच प्रकारचा खडक वेगळ्या खोलीवर, वेगळ्या प्रवाहात, वेगळ्या प्राणवायूच्या पाण्यात अगदी वेगळे जीव पोसतो. म्हणजे नुसता दगड पाहून जीव सांगता येत नाहीत. हे मान्यच आहे. तळाचा नकाशा जीवांच्या पाहणीची जागा घेऊ शकत नाही. पण समुद्र तापतो आहे, मासे आणि प्लवक आपली जुनी ठिकाणे सोडून थंड पाण्याकडे सरकत आहेत, आणि आज एखाद्या जातीसाठी आखलेली हद्द काही दशकांत त्या जातीविना राहू शकते. कडा, घळई आणि पर्वत सरकत नाहीत. उद्या जे जीव येतील त्यांनाही धरायला खडक, गाडून घ्यायला वाळू आणि अन्न आणून देणारा प्रवाह लागणारच आहे, आणि ते देणाऱ्या जागा आजच ओळखता येतात.

राष्ट्रांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रासाठीचा करार २०२३ साली मंजूर झाला आणि जानेवारी २०२६ पासून अमलात आला. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे आखण्याची जागतिक पातळीवरची व्यवस्था त्यामुळे पहिल्यांदाच उपलब्ध झाली आहे. जगातले बहुसंख्य जलमग्न पर्वत आणि सागरमध्य पर्वतरांगांचा बहुतांश भाग त्या पाण्यात आहे. त्या कराराखाली मांडल्या जाणाऱ्या पहिल्या प्रस्तावांत क्षेत्रफळाच्या आकड्याबरोबर तळाचा सविस्तर नकाशा आणि तळापर्यंत लागू होणारे नियम असावेत, एवढी मागणी प्रत्येक देशातल्या नागरिकांनी आपल्या सरकारकडे केली पाहिजे.

मॉन्टेरे उपसागराचे सागरी अभयारण्य १९९२ साली स्थापन झाले, आणि डेव्हिडसन पर्वत त्याच्या मूळ हद्दीत नव्हता. माथ्यावरचे प्रवाळ पाहिल्यानंतर तो जोडावा असे ठरले, आणि २००८ साली त्याच्याभोवती सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरची हद्द आखली गेली. ती आखताना माथ्यापुरती ठेवता आली असती. ती पायथ्याच्या पुढेपर्यंत नेली, आजूबाजूच्या लहान टेकड्यांसकट, ज्यांच्यावर काय आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी त्यांतल्याच एका टेकडीवर यानाचा उजेड पडला, तेव्हा तिथल्या माद्या कोमट भेगांना चिकटून आपली अंडी राखत बसल्या होत्या.